दिलकुशा : मन रिझविणारा, पण खरा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. सनावळ्या, तह, लढाया आणि राजांची नावे पाठ करावयाची व परीक्षा संपताच विसरून जावयाची, एवढाच त्यांचा या विषयाशी संबंध उरतो. उलट तेच विद्यार्थी एखादी ऐतिहासिक कादंबरी किंवा चित्रपट तहानभूक विसरून पाहतात व त्यातले प्रत्येक वाक्य खरे मानतात. एकीकडे खरा पण रुक्ष इतिहास, दुसरीकडे रसाळ पण कल्पित इतिहास, अशा दोन टोकांमध्ये आपली मुले अडकली आहेत. खरी हकीकत गोष्टीसारखी सांगता येईल काय? वाचकाचे मन गुंतवून ठेवूनही सत्याला धक्का न लावता लिहिता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते आपल्या जिल्ह्यातच, नळदुर्गच्या तटाआड सापडते.

नळदुर्गचा किल्ला पाहिला नाही असा विद्यार्थी आपल्या धाराशिव जिल्ह्यात विरळाच. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल, आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे 'नर' व 'मादी' हे दोन धबधबे पाहण्यासाठी शाळांच्या सहली दरवर्षी तेथे जातात. किल्ल्याच्या नावाविषयी लोक नल-दमयंतीची कथा सांगतात. ती दंतकथा आहे. दंतकथा म्हणून ती जरूर सांगावी. पण पाणीमहालावर एक फारसी शिलालेखही आहे. त्यात हिजरी १०२२ हे साल आहे. हिजरी १०२२ म्हणजे इसवी सन १६१३. तेव्हा विजापूरच्या तख्तावर दुसरा इब्राहीम आदिलशहा होता. दंतकथा सांगताना 'असे म्हणतात' म्हणावे लागते. शिलालेखाविषयी बोलताना 'असे लिहिले आहे' म्हणता येते. 'असे म्हणतात' आणि 'असे लिहिले आहे' यांतील अंतर ज्याला कळले, त्याला इतिहासाचा पहिला धडा कळला.

याच नळदुर्गशी एका इतिहासलेखकाचे नाव निगडित आहे. त्याचे नाव भीमसेन सक्सेना. हा कायस्थ कुटुंबातला. जन्म १६४९ साली बुऱ्हाणपूर येथे. घराणे मोगलांच्या नोकरीत होते आणि त्याचे एक चुलते दक्षिणेच्या दिवाणपदापर्यंत चढले होते. आठ-नऊ वर्षांचा असताना भीमसेन औरंगाबादेस आला आणि पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्याने दक्षिणेतील छावण्यांत, रस्त्यांवर आणि किल्ल्यांत काढले. दतियाचा राव दलपत बुंदेला हा मोगलांचा एक नामांकित सरदार. त्याच्या पदरी भीमसेन अनेक वर्षे होता. दूर दक्षिणेतील जिंजीच्या प्रदीर्घ वेढ्याचा काळ त्याने जवळून पाहिला. काही वर्षे नळदुर्गच्या किल्ल्याची जबाबदारीही त्याच्याकडे होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली आग्र्याजवळ जाजऊ येथे शहजाद्यांमध्ये तख्तासाठी जी लढाई झाली, तीत राव दलपत मारला गेला. त्यानंतर थोड्याच काळापर्यंतची हकीकत लिहून भीमसेनाने आपला ग्रंथ संपविला.

या ग्रंथाचे नाव 'नुस्खा-ए-दिलकुशा'. 'तारीख-ए-दिलकुशा' असेही त्याला म्हणतात. दिलकुशा म्हणजे मन मोकळे करणारा, चित्त प्रसन्न करणारा. तारीख म्हणजे इतिहास. वाचकहो, या नावातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. इतिहास हा मन प्रसन्न करणारा असावा आणि तरीही तो इतिहासच असावा, अशी त्या लेखकाची इच्छा होती. ती त्याने कशी पुरी केली, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट अशी की, भीमसेन हा दरबारी इतिहासकार नव्हता. औरंगजेबाने आपल्या कारकीर्दीच्या पहिल्या दहा वर्षांनंतर दरबारी इतिहास लिहिण्याचे काम बंद केले होते. त्यामुळे पुढील चाळीस वर्षांची माहिती खाजगी लेखकांकडून घ्यावी लागते. भीमसेनाला कोणी लिहिण्याची आज्ञा केली नव्हती आणि बक्षिसाची आशाही दाखविली नव्हती. म्हणून त्याने जे पाहिले ते लिहिले. आपण कोठे होतो, कोणाबरोबर होतो, हे तो सांगतो. वाचकाला त्याच्याबरोबर प्रवास केल्यासारखे वाटते. लिहिणारा कोठे उभा आहे हे कळले की वाचकाचा त्याच्यावर विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लहानसहान तपशील. मोठमोठ्या लढाया तर सर्वच लिहितात. भीमसेनाने बाजारभाव लिहून ठेवले. आपल्या लहानपणी औरंगाबादेस रुपयाला गहू व डाळ अडीच मण, ज्वारी-बाजरी साडेतीन मण आणि तूप चार शेर मिळत होते, असे तो नोंदवितो. मण-शेराचे माप त्या काळी प्रांताप्रांतात वेगळे होते, त्यामुळे आजच्या भावाशी त्याचा सरळ हिशेब मांडता येणार नाही. पण या एका ओळीने तो काळ आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. 'त्या काळी स्वस्ताई होती' असे कोणी लिहिले असते तर आपण ते वाचून पुढे गेलो असतो. 'ज्वारी साडेतीन मण' हे शब्द मात्र ध्यानात राहतात. माहिती आणि रंजकता ही एकमेकींची वैरी नाहीत. नेमकी माहितीच रंजक असते, हे यावरून दिसून येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भीमसेन मोगलांचे मीठ खात होता, तरी मोगली कारभाराचे दोष त्याने झाकले नाहीत. बादशहाची दक्षिणेतील मोहीम वर्षानुवर्षे लांबली, जहागिरीतून वसूल येईनासा झाला, अंमलदारांनी रयतेला नाडले, त्रासलेली रयत हत्यार उचलू लागली आणि मराठ्यांचे बळ वाढत गेले, हे सर्व त्याने लिहिले आहे. आपल्या बाजूचे उणे लिहिण्याचे धैर्य असल्याशिवाय इतिहास लिहिता येत नाही. आपल्या बाजूचा केवळ गौरव करणारे लिखाण घटकाभर सुखावते, पण परका मनुष्य ते वाचत नाही आणि आपला मनुष्य त्यातून काही शिकत नाही.

या ग्रंथाचे पुढे काय झाले हीही एक मनोरंजक हकीकत आहे. १७९४ साली जोनाथन स्कॉट या इंग्रजाने फरिश्त्याच्या दक्षिणेच्या इतिहासाचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्याला जोडून त्याने भीमसेनाच्या ग्रंथाचा काही भागही इंग्रजीत दिला. पण लेखक म्हणून 'एक बुंदेला अधिकारी' एवढाच उल्लेख केला. मालकाची जात नोकराला चिकटली आणि नोकराचे नाव गळून पडले! पुढे सर जदुनाथ सरकारांसारख्या व्यासंगी इतिहासकाराने भीमसेनाचे महत्त्व जगासमोर आणले. सरकारांनी केलेले इंग्रजी भाषांतर महाराष्ट्र शासनाने १९७२ साली छापले. आणि मराठीत हा ग्रंथ आणला तो सेतुमाधवराव पगडी यांनी.

पगडींचा जन्म १९१० साली निलंग्याचा. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत निलंगा आपल्याच जिल्ह्यात होते, म्हणून त्यांच्यावर आपलाही हक्क आहे. हैदराबाद संस्थानात ते अधिकारी होते. उर्दू आणि फारसी या भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. आदिलाबादेकडे नोकरीनिमित्त गेले तर तेथील गोंडी आणि कोलामी या आदिवासींच्या भाषाही ते शिकले. १९५३ साली त्यांनी सूफी संप्रदायावर मराठीत पुस्तक लिहिले. पुढे महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियरचे काम त्यांनी पाहिले. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९९४ साली ते वारले. फारसी अखबार, पत्रे आणि ग्रंथ त्यांनी साध्या, ओघवत्या मराठीत आणले, म्हणून खेड्यातल्या वाचकालाही ते उमगले.

येथे आपल्या पालकांनी एका गोष्टीचा विचार करावा. एका हिंदू कायस्थाने फारसीत इतिहास लिहिला. तो एका मराठी ब्राह्मणाने मराठीत आणला. आज आपल्या मुलांना तो वाचता येतो तो या दोघांमुळे. भाषा ही कोणा एका धर्माची मालमत्ता नसते. आपल्या घरी जुन्या पेटीत उर्दूत लिहिलेली सनद आहे, पण नातवाला उर्दू येत नाही. शेजारच्या वाड्यात मोडी कागदांचा गठ्ठा आहे, पण तेथेही मोडी वाचणारा उरला नाही. दोन्ही घरांचे दुःख एकच आहे. आपली मुले मराठी उत्तम शिकोत. पण उर्दू लिपीही विसरू नयेत, आणि जमल्यास मोडीचीही ओळख करून घ्यावी. या तिन्ही किल्ल्या ज्याच्या हाती असतील, तोच उद्या मराठवाड्याचा इतिहास उघडू शकेल.

आता नळदुर्गशी संबंधित दुसऱ्या एका लेखकाकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर आपला भागही इंग्रजांच्या ताब्यात दिला; तो १८६० साली परत निजामाकडे आला. त्या काळात नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे काही वर्षे होता. टेलर हा हौशी लेखक. ठगांच्या जबान्यांच्या आधारे त्याने लिहिलेली एका ठगाची आत्मकथनपर कादंबरी १८३९ साली प्रसिद्ध होऊन विलायतेत गाजली होती. पुढे १८६३ साली त्याने 'तारा' ही कादंबरी लिहिली. तिचा आरंभ आपल्या तुळजापुरात होतो. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली निघाले, आणि त्यात नळदुर्गच्या वास्तव्याचे वर्णन आहे.

एकाच माणसाने एकाच मुलुखाविषयी दोन्ही प्रकारे लिहिले, म्हणून त्याचे उदाहरण विद्यार्थ्यांना उपयोगी आहे. 'तारा' वाचताना तुळजापूर डोळ्यांसमोर उभे राहते. पण तारा नावाची ती मुलगी टेलरच्या कल्पनेतली आहे. तिच्या तोंडचे वाक्य पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही. आत्मचरित्रात मात्र तो जे सांगतो त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. ते कागदपत्रांशी ताडून पाहता येते. ठगाच्या कादंबरीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. तिच्यात जबान्या आणि कल्पना यांची अशी सरमिसळ आहे की कित्येक वाचकांनी तिच्यावरूनच साऱ्या हिंदुस्थानच्या वाटसरूंविषयी मत बनविले. कादंबरी लिहिणे हा गुन्हा नव्हे. कादंबरीला इतिहास समजणे हा मात्र घातक भ्रम आहे. आज मोबाईलवर रोज जे 'ऐतिहासिक' मजकूर फिरतात, त्यांत तर कादंबरीकाराचे नावही नसते.

खऱ्या-खोट्याची ही पारख आपल्या परंपरेला नवी नाही. हदीस गोळा करणाऱ्या विद्वानांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी एक दंडक घालून दिला. कोणी काही सांगितले तर ते कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून ऐकले, ही सांगणाऱ्यांची साखळी तपासावयाची. तिला इस्नाद म्हणतात. सांगणारा खरे बोलणारा होता काय, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकल्याचे सांगतो त्याला तो भेटणे शक्य होते काय, याची छाननी करणारे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने पुढची पायरी दाखविली. आधीच्या एका प्रसिद्ध इतिहासकाराने हजरत मूसा यांच्या सैन्याची संख्या सहा लाखांवर दिली होती. इब्न खल्दूनने विचारले की, एवढे सैन्य एका रणात उभे तरी कसे राहील? एका टोकाला काय चालले आहे हे दुसऱ्या टोकाला कळेल कसे? सांगणारा मोठा असला तरी सांगितलेले शक्य आहे काय हे पाहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. ज्या समाजाजवळ हा वारसा आहे, त्या समाजाची मुले ऐकीव गोष्टी पुढे ढकलत बसली तर तो त्या वारशाचा अपमान होय.

आता मी एका नाजूक विषयाकडे येतो. तो टाळून हा लेख पुरा करणे सोपे होते. पण भीमसेनाची थोरवी गाऊन आपण मात्र गप्प बसणे बरे नव्हे. १९४८ सालाविषयी आपल्या घरांत दबक्या आवाजात बोलले जाते. संस्थानच्या अखेरच्या काळात रझाकारांनी अत्याचार केले, खेडी लुटली, निरपराध्यांचे खून केले. हे सत्य आहे आणि ते आपण स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. त्या अत्याचारांविरुद्ध लिहिणाऱ्या 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. आपल्या बाजूचे उणे लिहिण्याची किंमत त्यांनी प्राणांनी चुकविली. त्यांचे नाव आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली व १७ तारखेला संस्थान शरण आले. त्यानंतर जी होरपळ झाली तीही सत्य आहे. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर हिंडून अहवाल दिला. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घातले. इतर तीन म्हणजे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या ग्रंथात तो छापला गेला. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचविले, आणि त्यासाठी प्रसंगी स्वतःचा जीव दिला. ज्यांनी मारले त्यांची गोष्ट सांगावी, तशी ज्यांनी वाचविले त्यांचीही सांगावी. दोहोंपैकी एक गाळली तर तो इतिहास राहत नाही.

आकडे अहवालात आहेत, पण माणसे अहवालात नाहीत. कोणत्या गावी कोणाच्या धान्याच्या कोठीत कोण लपले, रात्रीची भाकर कोणी पोचविली, परत आल्यावर घराचे दार कोणी उघडून दिले, हे फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक आहे. त्या वेळी जे मूल दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. दरवर्षी त्यांतील काही जण जातात आणि त्यांच्याबरोबर एकेक पुस्तक कबरीत किंवा चितेत जाते. सूड उगविण्यासाठी हे लिहावयाचे नाही. न लिहिलेली गोष्ट अफवा बनते आणि अफवेतून पुढची पिढी फक्त द्वेष शिकते, म्हणून हे लिहावयाचे.

विद्यार्थी मित्रांनो, आरंभ एवढ्या अवघड विषयापासून करण्याची गरज नाही. दादीजानला १९७२ चा दुष्काळ विचारा. 'दुष्काळ पडला, लोकांचे हाल झाले' असे लिहिलेत तर ते कोणीही वाचणार नाही. कामावर किती कोस चालत जावे लागे, खडी फोडल्याची मजुरी किती मिळे, सुकडी कशी वाटली जाई, मिलोची भाकर कशी लागे, हे विचारा. तुमच्या तालुक्यात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसलेली माणसे आहेत. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली हे पुस्तकात आहे. पण त्या क्षणी अंगणात कोण झोपले होते आणि माळवदाखाली कोण, हे सास्तूरचा माणूसच सांगेल.

लिहिताना चार नियम पाळा. पहिला, सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि ज्या दिवशी ऐकले ती तारीख टिपून ठेवा. आणि नाव छापण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्या. दुसरा, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले वेगवेगळे लिहा. तिसरा, सांगितलेले कागदाशी ताडून पाहा. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, सातबारा, निकाहनामा, मशिदीवरचा किंवा दर्ग्यावरचा शिलालेख, हे सर्व कागदच आहेत. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळविले की इसवी सन साधारणपणे हाती येतो. चौथा, जे सापडले नाही ते कल्पनेने भरू नका. तोंडचे संवाद रचू नका. भिंतीतला एखादा दगड निखळलेला दिसला तरी भिंत उभी राहते. मातीचा खोटा दगड बसविला तर पहिल्याच पावसात ती ढासळते.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन आजोबांजवळ बसली तर 'अभ्यास सोडून हे काय?' असे म्हणून उठवू नका. तो अभ्यासच आहे. घरातले जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा शाळेत आणून दाखवा. मुलींना या कामी पुढे करा, कारण घरातल्या बायकांच्या आठवणी मुलींपुढेच मोकळ्या होतात, आणि आपल्या इतिहासात सर्वांत कमी लिहिले गेले आहे ते त्यांच्याविषयीच. आपली शिक्षणसंस्था मुलांना पदवीपर्यंत नेईल. पण लिहिता हात आणि खरे बोलणारी लेखणी यांची सवय घरातूनच लागते.

भीमसेनाजवळ छापखाना नव्हता, मान-मरातब नव्हता, आणि शंभर वर्षांत त्याचे नावही पुसले जाण्याची वेळ आली होती. तरी त्याने ज्वारीचा भाव लिहून ठेवला म्हणून आज साडेतीनशे वर्षांनंतर आपण तो सांगू शकतो. आपल्या काळचा भाव, आपल्या काळचे दुःख आणि आपल्या काळची माणुसकी कोणी तरी याच जिल्ह्यात बसून खरेपणाने लिहून ठेवली पाहिजे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांकडून ऐकून, ताडून, स्वतः लिहिलेल्या दहा हकीकती छापल्या जाव्यात, एवढीच इच्छा व्यक्त करून लेखणी खाली ठेवतो.